मक्याचं पान बघून दाण्याचा अंदाज लावता येतो का? पीक-सेन्सरचं गणित, मलकापूरच्या शिवारापुरतं

०.६२, ०.७४, ०.८१. मका गुडघ्याच्या वर गेला की असे आकडे हल्ली शेतकऱ्याच्या मोबाइलवर यायला लागतात. कधी ॲपमधून, कधी ड्रोनवाल्याच्या नकाशातून, कधी हातात धरायच्या यंत्रावरून. शेजारी हिरवा-पिवळा-लाल रंग असतो आणि काही ठिकाणी 'अपेक्षित उत्पादन एकरी अमुक क्विंटल' असंही छापलेलं असतं. दशांश चिन्ह आलं की आकडा पक्का वाटतो. पण हा आकडा पानाचा आहे, दाण्याचा नाही. पानापासून दाण्यापर्यंत मक्याला दीड-दोन महिने चालायचं असतं. त्या वाटेवर काय होतं ते सेन्सरला किती कळतं, हा खरा प्रश्न आहे.

आधी एक खुलासा. इथलं मलकापूर म्हणजे कराडला खेटून असलेलं, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं, आगाशिवच्या डोंगराजवळचं. बुलढाण्यातलं मलकापूर वेगळं आणि शाहूवाडीतलं आणखी वेगळं. हे सांगायचं कारण असं की उपग्रहाच्या ॲपमध्ये नुसतं 'मलकापूर' टाकलं तर नकाशा भलत्याच जिल्ह्यात जाऊन उभा राहू शकतो. कराडजवळच्या शिवारासाठी साधारण १७.२७ उत्तर अक्षांश आणि ७४.१७ पूर्व रेखांश हा पत्ता टाका, मग आपला बांध शोधा.

सेन्सर नेमकं काय बघतो?

हिरवं पान सूर्यप्रकाशातला लाल रंग खातं. हरितद्रव्याला अन्न तयार करायला तो लागतो. डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा एक प्रकाश असतो, त्याला निकट अवरक्त म्हणतात. तो पानाच्या काही कामाचा नसतो आणि पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे बराचसा परत फेकला जातो. म्हणजे निरोगी, दाट पीक लाल प्रकाश थोडा परत पाठवतं आणि अवरक्त भरपूर. मातीचं तसं नसतं. तिच्याकडून दोन्ही प्रकाश जवळपास सारख्या प्रमाणात परत येतात.

या फरकाचं गणित म्हणजे एनडीव्हीआय. अवरक्तमधून लाल वजा करायचा आणि त्याला दोघांच्या बेरजेनं भागायचं. दाट मक्यानं लाल ५ टक्के आणि अवरक्त ४५ टक्के परत पाठवला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८०. नांगरलेल्या रानात लाल २० आणि अवरक्त २६ टक्के असेल, तर ६ भागिले ४६, म्हणजे ०.१३. एवढंच. अमेरिकेनं १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला आणि त्याच्या चित्रांवर काम करताना टेक्सासमधल्या संशोधकांनी हे सूत्र रूढ केलं. आजची बहुतेक शेती-ॲप्स त्याच सूत्रावर किंवा त्याच्या भावंडांवर चालतात. 'एआय' हा शब्द वर लावलेला असला तरी खाली बहुतेक वेळा हाच भागाकार असतो.

या आकड्याला पिकाचं नाव कळत नाही. मक्यात तण माजलं तरी तो वाढतो. आकडा खाली आला तर नत्र कमी पडलं, पाणी साचलं, की पोंग्यात लष्करी अळी शिरली, हेही तो सांगत नाही. ही अळी २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात उसावरही दिसली, त्यामुळे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ती चांगलीच ठाऊक आहे. सेन्सर म्हणतो, 'इथं काहीतरी कमी आहे.' काय कमी आहे ते रानात जाऊन, पोंगा उघडूनच बघावं लागतं.

उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे एक गुंठा

मोफत मिळणाऱ्या चित्रांत सर्वांत उपयोगी आहेत ती युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची. पहिला २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये. दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. लाल आणि अवरक्त पट्ट्यांत त्यांच्या चित्राचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बाजूला १०.०६ मीटर. थोडक्यात, आकाशातून दिसणारा सगळ्यात लहान तुकडा जवळपास बरोबर एक गुंठ्याचा. हा निव्वळ योगायोग आहे, पण आपल्याला हिशेब करायला फार सोयीचा. लँडसॅटचा ३० मीटरचा ठिपका नऊ गुंठ्यांचा, आणि जगभराच्या पीक-नकाशांसाठी वर्षानुवर्षं वापरलेला मोडिसचा २५० मीटरचा ठिपका पंधरा एकरांच्या वर. अमेरिकेतल्या आयोवात एका शेतात असे कितीतरी ठिपके बसतात. कराड तालुक्यात पंधरा एकरांत किती जणांचे सातबारे असतील, ते वाचकानं मनाशी मोजावं.

आता वीस गुंठ्यांचा मका घ्या. रान चौकोनी असेल तर बाजू साधारण ४५ मीटर. उपग्रहाची जाळी आपल्या बांधाला धरून आखलेली नसते, म्हणून पूर्णपणे मक्यात बसणारे ठिपके ९ ते १६ मिळतील. तेच वीस गुंठे वाटण्यांमुळे २० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब अशा पट्टीत असतील, तर स्वच्छ ठिपके जेमतेम नऊ-दहा. बाकीचे अर्धे मका, अर्धे बांध किंवा शेजाऱ्याचा ऊस. पट्टी १० मीटरचीच असली तर निखळ मक्याचा ठिपका जवळजवळ मिळतच नाही. कृष्णा-कोयनेच्या या पट्ट्यात मक्याला शेजार बहुतेक वेळा उसाचाच असतो आणि ऊस वर्षभर हिरवा. त्यामुळे कडेच्या ठिपक्यांत उसाचा हिरवेपणा मक्याच्या नावावर जमा होतो.

कडेमुळे आकडा फुगतो, हा वाद नवा नाही. त्यातला एक मोठा माणूस याच जिल्ह्यातला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. त्या काळी पिकाचा सरकारी अंदाज मुख्यतः नजरेनं बांधला जायचा, पैसेवारीत आजही 'नजर अंदाज' हा शब्द टिकून आहे. १९४० च्या दशकात सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत दुसरी पद्धत बसवली. गावं आणि शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक निवडायची, शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून मळून वजन करायचं. आजचा पीक कापणी प्रयोग तो हाच.

त्याच सुमारास कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापून अंदाज काढत होते. लहान तुकडा स्वस्त पडतो, पटकन होतो. सुखात्मेंचा आक्षेप असा की तुकडा लहान केला की क्षेत्राच्या मानानं कड जास्त येते, कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर या गोंधळात माणसाचा हात आत धरण्याकडे झुकतो आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघतं. १९४६ मध्ये त्यांनी हे 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. दिल्लीतल्या ज्या राष्ट्रीय केंद्रातून आज उपग्रहावरून देशाच्या पिकांचे अंदाज निघतात, त्याला मात्र नाव आहे महालनोबिस यांचं. आणि उपग्रहाचा एक गुंठ्याचा ठिपका घेऊन आपण पुन्हा सुखात्मेंच्या कडेपाशीच येऊन थांबलो आहोत.

पावसाळ्यातलं विघ्न वेगळंच. सेंटिनेल-२ ला ढगांखालचं दिसत नाही. दर पाच दिवसांनी चित्र, हे कागदावर. खरीप मका जून-जुलैत टोकला तर त्याची वाढ नेमकी ढगाळ महिन्यांत येते आणि पंधरा-पंधरा दिवस उपयोगाचं एकही चित्र मिळत नाही. काही ॲप्स मधली जागा अंदाजानं भरतात आणि रेघ गुळगुळीत दाखवतात. म्हणून आलेखावर टॅप करून प्रत्यक्ष चित्र कोणत्या तारखेचं आहे ते बघावं. रडारचे उपग्रह ढगांतून पाहू शकतात. इस्रो आणि नासाचा निसार हा तसाच, ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला. पण रडार हिरवेपणा मोजत नाही. पिकाची ठेवण आणि ओल त्याला समजते. ते पूरक आहे, पर्याय नाही.

हातातलं यंत्र: इथं सेन्सर खरा कामाचा

सेन्सरनं उत्पादन किती येणार हे विचारण्यापेक्षा युरियाचा पुढचा हप्ता किती द्यायचा, हे विचारणं जास्त फायद्याचं आहे, असं आमचं मत. त्यासाठी ग्रीनसीकरसारखं हातात धरायचं यंत्र असतं. ते स्वतःचाच लाल आणि अवरक्त प्रकाश टाकतं, म्हणून आभाळ भरून आलं तरी चालतं. पिकाच्या शेंड्यापासून साधारण दोन ते चार फूट वर धरून ओळीनं चालायचं, सरासरी आकडा पडद्यावर येतो.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्य विद्यापीठानं यासाठी एक साधी युक्ती रुजवली. शेतात एका पट्टीला सुरुवातीलाच नत्र भरपूर द्यायचं, कमी पडणारच नाही इतकं. मका आठ-दहा पानांवर आला की त्या पट्टीचं आणि बाकी रानाचं वाचन घ्यायचं. पट्टीत ०.७५ आणि रानात ०.६० आलं, तर भागाकार १.२५. म्हणजे रान नत्राला भुकेलं आहे, हप्ता दिला तर फरक पडेल. दोन्हीकडे ०.७४ आलं तर जास्तीचा युरिया टाकून फक्त गोणीचे पैसे जातात. तुलना आपल्याच रानाची, आपल्याच वाणाची, त्याच दिवसाची, म्हणून इथं सेन्सरचे बरेचसे दोष आपोआप कटतात. यंत्र महाग वाटत असेल तर पानांच्या रंगाचा तक्ता हा त्याचा गरीब भाऊ आहे. प्लास्टिकची पट्टी पानाशेजारी धरायची आणि हिरवा रंग जुळवायचा.

या वाचनावरून उत्पादनाचा अंदाजही काढतात. एनडीव्हीआयला पेरणीपासूनच्या दिवसांनी (मक्यात अनेकदा साठलेल्या उष्णतेच्या मापानं) भागतात, म्हणजे पीक किती वेगानं वाढतंय ते कळतं, आणि जुन्या प्रयोगांच्या आलेखावरून क्विंटल वाचतात. पण तो आलेख ज्या मुलखात काढला तिथलाच खरा. ओक्लाहोमाचा आलेख कराडच्या काळ्या रानात चालेलच असं नाही.

हिरवेपणा तोच, दाणा वेगळा

मक्याचं उत्पादन हा साधा गुणाकार आहे: कणसं, प्रत्येक कणसातले दाणे आणि दाण्याचं वजन. ७५ बाय २० सेंटिमीटरवर टोकलेल्या मक्यात गुंठ्याला सुमारे ६७० ताटं बसतात. त्यातली ६०० कणसं धरू, कणसाला ४०० दाणे आणि हजार दाण्यांचं वजन २७० ग्रॅम. गुंठ्याला ६४.८ किलो, एकरी जवळपास २६ क्विंटल.

आता तुरा पडून केस बाहेर आले आणि पावसानं दडी मारली. पाण्याच्या ताणात केस उशिरा येतात, परागकण वाया जातात, कणसाचं टोक रिकामं राहतं. ४०० ऐवजी २८० दाणे भरले तर एकरी १८ क्विंटल. किंवा दाणे ४०० धरले, पण भरताना पाणी कमी पडलं आणि हजार दाणे २२० ग्रॅमचेच झाले, तर एकरी २१ क्विंटल. पहिल्या आणि तिसऱ्या हिशेबात फरक सुमारे पावणेपाच क्विंटलचा. २०२५-२६ च्या २४०० रुपये हमीभावानं साडेअकरा हजार रुपये एकरी. आणि तुरा पडण्याआधी, पन्नासाव्या दिवशी, या तिन्ही रानांचा एनडीव्हीआय अगदी एकच असू शकतो.

त्यात सूत्राचीही एक मर्यादा आहे. पीक दाट झालं की आकडा वर सरकतच नाही. लाल ४ टक्के आणि अवरक्त ४० असताना उत्तर ०.८२ येतं. पानांचे आणखी थर चढून अवरक्त ५० झाला, म्हणजे चौथ्यानं वाढला, तरी उत्तर ०.८५. बरा मका आणि उत्तम मका इथं एकाच गडद हिरव्यात दिसतात. म्हणून दाट मक्यासाठी 'रेड एज' नावाचा, लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा पट्टा वापरणारे निर्देशांक जास्त बरे. सेंटिनेल-२ वर तो पट्टा आहे, पण २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा ठिपका. नेमकेपणा मिळवायला जावं तर बांध पुसट होतो.

आणखी एक अडचण आपल्या भागात मोठी. इथला पुष्कळ मका दाण्यासाठी नसतोच. आफ्रिकन टॉलसारखा मका वैरणीला लावतात, किंवा दाणा चिकात असताना अख्खं ताट कापून मुरघास भरतात. आकाशातून तो मका सुरुवातीला दाण्याच्या मक्यासारखाच, उलट अनेकदा जास्तच हिरवा दिसतो आणि मग एका दिवसात नाहीसा होतो. नकाशा करणाऱ्यानं त्याला धान्य धरलं तर तालुक्याचं उत्पादन फुगतं. काढणीला आलेला मका वाळून पिवळा पडणं आणि रोगानं पिवळा पडणं, हेही एका चित्रावरून वेगळं ओळखू येत नाही. तारखांची मालिका लागते, आणि पेरणीचा दिवस माहीत असावा लागतो.

मग उपग्रहावरून अंदाज काढतात तरी कसा?

एका चित्रावरून काढतच नाहीत. हंगामभराच्या चित्रांवरून पिकानं रोज किती प्रकाश टिपला ते काढतात, प्रकाशाचं वजनात रूपांतर करतात, पाण्याच्या आणि तापमानाच्या ताणानं ते कमी करतात आणि एकूण वजनातला दाण्याचा वाटा धरतात. मक्यात हा वाटा चांगल्या रानात निम्म्याच्या आसपास असतो. दुसरा मार्ग म्हणजे जुने पीक कापणी प्रयोग आणि चित्रं संगणकासमोर ठेवून त्यालाच संबंध शोधायला लावणं. दोन्ही मार्गांना शेवटी जमिनीवरचं वजन लागतं.

लहान शेतांत हे जमतच नाही, असंही नाही. पश्चिम केनियातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या मक्यावर २०१४ आणि २०१५ साली एक मीटर ठिपक्याची चित्रं वापरून केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपग्रहाचे अंदाज शेतकऱ्यांना विचारून काढलेल्या आकड्यांच्या तोडीस तोड निघाले. त्यात गंमत अशी की विचारून काढलेल्या आकड्यांतही चुका कमी नव्हत्या. आपल्याकडे बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं उसावर उपग्रह, जमिनीतले सेन्सर आणि हवामान केंद्र यांची सांगड घातली आहे. उसात आपल्याला ताटच हवं असतं, म्हणून हिरवेपणाचा आकडा पिकाच्या जवळ राहतो. मक्यात दाणा हवा असतो.

यात पैसा कुठे अडकतो?

पीक विम्यात. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू, पुढे सोयाबीन, या पिकांसाठी तंत्रज्ञानानं काढलेल्या उत्पादनाला किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत आली. मका या पहिल्या यादीत नव्हता. पण वाट कुठे जाते ते दिसतं, म्हणून गणित आत्ताच समजून घेतलेलं बरं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. महसूल मंडळाची सरासरी, मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची, हेक्टरी ३० क्विंटल. ७० टक्के जोखीमस्तरानं उंबरठा उत्पादन २१. यंदा कापणी प्रयोगांत १८ क्विंटल निघाले. तूट २१ मागे ३, म्हणजे १४.३ टक्के. विमा संरक्षण हेक्टरी ३० हजार असेल तर भरपाई सुमारे ४,२९० रुपये. आता उपग्रहाच्या अंदाजानं, दाणा न भरलेला पण हिरवागार मका पाहून, २२ क्विंटल सांगितले. ३० टक्के वजनानं एकत्र उत्पादन १९.२. तूट ८.६ टक्के, भरपाई सुमारे २,५७० रुपये. एका हिरव्या रंगानं हेक्टरी सतराशे रुपये कमी झाले. उलटही होऊ शकतं: कापणी प्रयोगाच्या चौकोनावर कुणाचा दबाव आला, तर त्याला वेसण घालायला उपग्रहाचा आकडा उपयोगी पडेल, आणि तंत्रज्ञान आणण्यामागे तोही हेतू आहे. पण मक्यासारख्या पिकात ३० टक्के कशाला देतोय, हे मंडळातल्या शेतकऱ्याला माहीत असायला हवं. मलकापुरात चोवीस तास पाणी मीटरवर मिळतं, तिथं मीटर काय मोजतो हे घराघरात ठाऊक आहे. पिकाच्या मीटरबद्दलही तेवढीच चौकशी चालावी.

शेतकऱ्याच्या हातात यातल्या दोन गोष्टी आहेत. एक, ई-पीक पाहणी. २०२१ पासून मोबाइलवरून स्वतः करता येणारी ही नोंद म्हणजे कुठल्या गटात मका आहे याची जमिनीवरची खूण आहे. ऊस आणि मका वेगळा ओळखण्यासाठी अशाच खुणा लागतात. नोंद खरी आणि वेळेवर करावी. दुसरी गोष्ट, दाणा चिकातून घट्ट होऊ लागला की आपला अंदाज आपण काढावा. रानाच्या आतल्या भागात, बांधापासून पाच-सहा ओळी सोडून, तीन-चार जागी दहा-दहा मीटर ओळीतली कणसं मोजावीत. ओळींत ७५ सेंटिमीटर अंतर असेल तर अशी साडेतेरा लांबी म्हणजे एक गुंठा. प्रत्येक जागची चार-पाच कणसं सोलून ओळी आणि दाणे मोजावेत, निवडून नव्हे तर हाताला येतील ती. मग वरचा गुणाकार करावा, हजार दाण्यांच्या वजनाला वाणाच्या माहितीपत्रकातला आकडा घ्यावा आणि ॲपच्या आकड्याशेजारी तारखेसह लिहून ठेवावा. दोन-तीन हंगामांत ॲप आपल्या रानात किती आणि कोणत्या बाजूला चुकतं ते वहीतच दिसेल.